खेकड्याचं वकीलपत्र

मराठी माणसांच्या सभेत अध्यक्षीय भाषण रंगात आलं, वक्त्याने पाण्याचा घोट घेतला आणि चष्मा नाकावर नीट बसवला, की ओळखावं: आता खेकडे येणार. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. बंदरावर खेकड्यांच्या टोपल्या मांडलेल्या. बाकी सगळ्या टोपल्यांना घट्ट झाकणं, एकच उघडी. साहेब विचारतो, यातले पळून जाणार नाहीत का? टोपलीवाला म्हणतो, निर्धास्त राहा साहेब, हे मराठी खेकडे आहेत. एक वर चढायला लागला की उरलेले त्याचा पाय धरून खाली ओढतात. हशा होतो. टाळ्या पडतात. वक्ता खिन्नपणे मान हलवतो आणि श्रोत्यांतला प्रत्येक जण शेजारच्याकडे बघतो, कारण गोष्ट शेजारच्याबद्दलच आहे याविषयी कोणाच्याच मनात शंका नसते.

ही गोष्ट मी व्याख्यानमालेत ऐकली आहे, वधूवर मेळाव्यात ऐकली आहे आणि एका शोकसभेतही ऐकली आहे. (तिथे दिवंगत गृहस्थ वर चढणाऱ्या खेकड्याच्या भूमिकेत होते; ओढणारे पहिल्या रांगेत बसले होते.) परदेशातल्या एका मराठी मंडळाच्या निवडणुकीनंतर दोन्ही गटांनी हीच गोष्ट एकमेकांना व्हॉट्सॲपवर पाठवली, असं तिथला माझा भाचा सांगतो.

पण ही टोपली आपली एकट्याची नाही. फिलिपाईन्समधले लोक स्वतःच्या समाजाबद्दल हेच म्हणतात. तिथे तर या स्वभावाला खेकड्याच्याच नावाने ओळखतात. गोव्यातला माणूस शपथेवर सांगेल की गोष्ट मुळात गोंयकारांची, तुम्ही ती घाटावर नेलीत. म्हणजे आपला म्हणून जो एक अस्सल दुर्गुण आपण इतक्या अभिमानाने मिरवत होतो, त्यावरसुद्धा आपली मालकी सिद्ध होत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. इतकी वर्षं खटला चालू आहे आणि आरोपीच्या बाजूने अजून कोणी उभंच राहिलेलं नाही. ते वकीलपत्र मी घेतो. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच कबूल केलेली बरी: मी खेकडे खातो. पण अशिलाला खाणारा वकील काही मी पहिलाच नाही.

आधी टोपलीचंच बघू. खेकड्याच्या टोपलीला झाकण लागत नाही असं ज्याने पहिल्यांदा म्हटलं, त्याने बाजारातून जिवंत चिंबोऱ्या कधी घरी आणलेल्या नसणार. खाडीतली काळी चिंबोरी चढण्यात पटाईत असते. तिच्या कल्ल्यांना ओल लागत राहिली की ती पाण्याबाहेर चांगली काही दिवस जगते, म्हणून ओल्या गोणपाटातून तिचा प्रवास होतो. आणि विकणारा तिचे डेंगे सुतळीने आवळून बांधतो. सुतळी सुटली तर काय होतं ते किनाऱ्यावरच्या कुठल्याही घरात विचारा. रात्री सिंकमध्ये ठेवलेल्या सहा चिंबोऱ्यांपैकी सकाळी चार सापडतात, पाचवी गॅस सिलिंडरच्या मागे आणि सहावी पाहुण्यांच्या चपलांत. एकमेकींचे पाय ओढत बसल्या असत्या तर त्या चपलांपर्यंत पोचल्या कशा?

बरं, ओढतात ते तरी का? समुद्रात टोपली नसते. खडकावर किंवा कांदळवनाच्या मुळांवर चढणाऱ्या खेकड्याला जे हाताशी लागेल ते धरून वर जायची सवय असते. टोपलीत हाताशी लागतो तो दुसरा खेकडा. गर्दीच्या लोकलमध्ये तोल जाताना आपण ज्याची बॅग धरतो त्याच्याविषयी आपल्या मनात काही आकस नसतो, तसंच हे. आपण बांबूची टोपली विणायची, त्यात त्याला कोंबायचं आणि मग तो समाज म्हणून कसा नालायक आहे यावर प्रबोधन करायचं!

त्याला त्याच्या स्वतःच्या जागी बघावं. ओहोटीच्या वेळी कोकणातल्या कुठल्याही खडकाळ किनाऱ्यावर जा. एखादा शंख गोगलगायीला न शोभणाऱ्या वेगाने धावताना दिसेल. उचलून बघितलंत तर आतून पाय बाहेर येतील आणि लगेच आत जातील. हा शंखवासी खेकडा. याच्या अंगाचा पुढचा भाग कवचाचा, मागचा मऊ आणि पीळ पडलेला. तो झाकायला त्याला मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख लागतो. अंग वाढतं, शंख वाढत नाही, म्हणून आयुष्यभर मोठं घर शोधणं आलं. इथपर्यंत तो आपल्यासारखाच. फरक पुढे आहे. एखाद्याला रिकामा शंख सापडला आणि तो मापाला मोठा निघाला, तर तो जवळच थांबतो. दुसरा येतो, तिसरा येतो. मग ही मंडळी मोठ्यापासून लहानापर्यंत उंचीप्रमाणे रांग लावतात, प्रत्येकाने पुढच्याला धरलेलं. शेवटी एखादा धिप्पाड गडी येतो, रिकाम्या शंखात शिरतो आणि बघता बघता सगळी रांग एकेक घर पुढे सरकते. प्रत्येकाला आधीपेक्षा प्रशस्त जागा. उरतं ते सगळ्यात लहान घर, रिकामं.

आयव्हन चेस नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली या घरबदलावर शोधनिबंध लिहिला. समाजशास्त्रज्ञ खेकड्यांकडे कशाला गेला असं वाटेल. तर त्याच्या आधी, १९७० मध्ये, हॅरिसन व्हाइट या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या पाद्र्यांच्या बदल्यांचा असाच हिशेब मांडला होता: एक वरची जागा रिकामी झाली की खाली किती जण सरकतात. पाद्री आणि खेकडे एकाच नियमाने वागतात हे सिद्ध झालं. गृहनिर्माण सोसायटीचे सभासद मात्र त्या नियमात बसत नाहीत. पुनर्विकासाच्या सभेत कार्पेट एरियावरून झालेली भांडणं ज्यांनी ऐकली आहेत त्यांना माझं म्हणणं पटेल. खेकड्यांकडे ना बिल्डर, ना कमिटी, ना ना-हरकत दाखला, आणि पाच कुटुंबं पाच मिनिटांत स्थलांतरित.

सगळेच असे सज्जन असतात असा माझा दावा नाही. काही शंखवासी दुसऱ्याच्या दारावर जाऊन आपला शंख त्याच्या शंखावर ठाकठाक आपटत बसतात. आतला वैतागून घर सोडेपर्यंत. भाडेकरू काढायची ही पद्धत आपल्याकडेही माहीत आहे, फक्त आपण त्याला वरच्या मजल्यावरचं फरशीकाम म्हणतो.

अलीकडे घरांची टंचाई वाढली आहे. शंख पर्यटक उचलून नेतात आणि बदल्यात प्लास्टिक ठेवून जातात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांनी इंटरनेटवर टाकलेले फोटो तपासले गेले. जमिनीवर राहणाऱ्या शंखवासी खेकड्यांच्या जगभरच्या १६ जातींपैकी १० जातींचे खेकडे माणसाच्या कचऱ्यात बिऱ्हाड करून राहिलेले त्यात सापडले. त्यात सर्वांत जास्त काय होतं? प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं. ज्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या हसलो, त्यांनी आता झाकणातच संसार थाटला आहे.

दुसरा साक्षीदार खाडीच्या चिखलातला. कांदळवनाच्या कडेला ओहोटीत रुपयाएवढे खेकडे बिळांबाहेर येतात आणि त्यातले नर एक हात वर-खाली हलवत राहतात. हा फिडलर. नराचा एक डेंगा त्याच्या सगळ्या अंगाला न शोभेल इतका मोठा असतो, दुसरा चिमुकला. मोठ्या डेंग्याने खाता येत नाही. त्यामुळे मादी दोन्ही हातांनी जेवत असताना हा एका हाताने जेवतो आणि दुसऱ्याने मादीला बोलावतो. लग्नाच्या पंगतीत एक हात कायम मोबाईलवर असलेला उपवर मुलगा ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको.

मारामारीत हा डेंगा तुटला तर नवा उगवतो. लांबीला जवळपास तेवढाच, पण काही जातींत हलका, बारीक आणि चिमटीत दम नसलेला. गंमत अशी की हलका असल्यामुळे तो हलवायला सोपा जातो, आणि लांबी बघून मादी फसते, प्रतिस्पर्धीही फसतो. आपल्याही किनाऱ्यावर सापडणाऱ्या एका जातीवर आफ्रिकेतल्या मोझांबिकमध्ये अभ्यास झाला, त्यात ही लबाडी २००० साली उघडकीला आली. संशोधकांच्या निबंधाच्या शीर्षकातच अप्रामाणिकपणाचा उल्लेख आहे. वकील म्हणून मला हे अडचणीचं आहे, पण लपवत नाही. नकली शस्त्र घेऊन मिरवणूक काढणं हा गुन्हा धरला तर कोठड्या कमी पडतील.

आणि याच फिडलरच्या एका ऑस्ट्रेलियन भाऊबंदाने माझ्या अशिलाची केस जिंकून दिली आहे. पॅट्रिशिया बॅकवेल आणि मायकेल जेनिअन्स या दोघांनी २००४ साली ‘नेचर’मध्ये त्याची हकीकत छापली. एखादा परका नर लहान फिडलरचं बीळ बळकवायला आला, तर शेजारचा मोठा फिडलर कधीकधी स्वतःचं बीळ सोडून येतो आणि त्या उपऱ्याशी लढतो. शेजाऱ्यासाठी. पाय धरतो तो चढणाऱ्याचा नाही, घुसणाऱ्याचा! कारणही मोठं व्यवहारी आहे. जुन्या शेजाऱ्याशी हद्दीची भांडणं कधीच मिटलेली असतात. नवा आला, आणि तोही दांडगा, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून भांडावं लागेल. ‘आहे तो बरा’ या तत्त्वावर चाललेली ही शेजारधर्माची व्याख्या मला आपल्या सगळ्या सुविचारांपेक्षा टिकाऊ वाटते.

टोपलीच्या आरोपाचं एवढं पुरे. पण माझ्या अशिलावर दुसरा आरोप झाला तो विनोदाचा नव्हता. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि माणसं वाहून गेली. त्यानंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी कारण सांगितलं: खेकड्यांनी धरण पोखरलं. गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या, असं गावकरी सांगत होते. पण तक्रार करणारे बोलतात आणि खेकडे बोलत नाहीत, म्हणून जबाबदारी खेकड्यांवर टाकणं सोयीचं. पुढे विरोधी पक्षाचे कार्यकर्ते जिवंत खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले आणि यांना अटक करा म्हणाले. याच सह्याद्रीतल्या गोड्या पाण्याच्या एका नव्या खेकड्याला २०१६ साली त्याच्या शोधकर्त्यांपैकी तेजस ठाकरे यांच्यावरून ‘ठाकरेयी’ हे जातिनाम मिळालं होतं, आणि मंत्री ठाकऱ्यांच्याच पक्षाचे होते, हा योगायोग त्या वेळी अनेकांनी चघळला. मेलेल्यांच्या घरच्यांना त्याचा काही उपयोग नव्हता. खेकडा बिळं करतो हे खरंच आहे. खाडीच्या चिखलात त्याच्या बिळांमुळेच हवा खेळते आणि कांदळवन जगतं. तो बिळं करणार हे माहीत असूनही बांध नीट ठेवायचा असतो. ते काम खेकड्याच्या खात्यात येत नाही.

आता उलटतपासणी. खेकडा, शेवंड, कोळंबी या मंडळींची शरीररचना बघितली की त्यांच्या बाजूने बोलणं कठीण होतं, हे मान्य. यांचे दात पोटात असतात. तोंडाने घास नुसता कुरतडून आत ढकलायचा आणि चावायचं काम जठरात. जेवताना बोलू नये हा नियम यांना लागू होत नाही. लघवीची दारं मिशांच्या बुडाशी, म्हणजे साधारण आपल्या भुवयांच्या जागी. आणि डेंगेवाल्या मोठ्या परदेशी लॉब्स्टरांत तर नर एकमेकांच्या तोंडावर ती फवारून आपला दर्जा सांगतात. एकदा हरलेला गडी पुढच्या वेळी नुसत्या वासावरून जिंकणाऱ्याला ओळखतो आणि वाट सोडतो. आपल्याकडे यासाठी व्हिजिटिंग कार्ड छापतात.

सगळ्यात नाजूक प्रसंग कात टाकायचा. कवच वाढत नाही, म्हणून ते उसवून बाहेर पडायचं. नुसतं पाठीवरचं नाही. डोळ्यांवरचं, कल्ल्यांवरचं, पोटातल्या दातांचंसुद्धा. मग मऊ अंगाने पाणी पिऊन फुगायचं आणि नवं कवच कडक होईपर्यंत लपून बसायचं, कारण या दिवसांत शेजारधर्म वगैरे काही चालत नाही. मऊ चिंबोरी दुसऱ्या चिंबोरीला दिसली तर ती खाऊन टाकते.

कोळंबीची तर आणखी पंचाईत. तिला वर-खाली कळण्यासाठी मिशांच्या बुडाशी एक पोकळी असते आणि त्यात वाळूचे कण. कण ज्या बाजूला टेकतील ती खाली. कातेबरोबर या पोकळीचं अस्तरही कणांसकट गळून जातं, की हिने पुन्हा तळाची वाळू घेऊन आत भरायची. १८९३ मध्ये आलॉइस क्राइडल नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने एक खोडी काढली. त्याने टाकीतली वाळू काढून घेतली आणि तिथे लोखंडाचा कीस ठेवला. कोळंब्यांनी कात टाकली, भोळेपणाने लोखंड कानात घातलं आणि पोहायला लागल्या. मग क्राइडलने वरून लोहचुंबक धरलं. सगळ्या कोळंब्या उलट्या होऊन, पाय वर करून पोहू लागल्या, आणि आपण अगदी सरळ आहोत याची त्यांना पूर्ण खात्री होती. कानात काय भरलं आहे यावर दिशा ठरते, हे दाखवून देणारा इतका स्वच्छ प्रयोग पुन्हा झाला असेल असं वाटत नाही. निवडणुकांच्या काळात टीव्हीवर होतो तो वेगळा.

चिंबोरीची ही कात टाकायची वेळच तिच्या लग्नाचीही वेळ. मादी कात टाकणार याचा सुगावा लागला की नर तिला पोटाखाली धरून काही दिवस हिंडवतो. ती कात टाकते, मऊ असतानाच मीलन होतं, आणि पुढेही ती कडक होईपर्यंत तो राखण करतो. जो एरवी मऊ चिंबोरी दिसली की जेवायला बसतो तो या एका वेळी उपाशी उभा राहतो. मग मादी अंडी सोडायला खाडीतून बाहेर समुद्राकडे जाते, आणि नर आपल्या मार्गाने. यात कुठेही मानपान नाही.

बाजारातल्या गिऱ्हाइकाला या सगळ्याशी कर्तव्य एवढंच की नुकती कात टाकलेली चिंबोरी पोकळ निघते. भाव किलोचा आणि आत पाणी. म्हणून जाणकार गिऱ्हाईक चिंबोरी हातात तोलतं, पोटाशी दाबून बघतं. कोळीण सांगते, “आवसेची हाय, भरलेली हाय, दाबू नको!” अमावास्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ, हे किनाऱ्यावर वेदवाक्य आहे. माझं निरीक्षण इतकंच, की पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीही त्या टोपलीत अमावास्या असते.

कोळंबीकडे आपण उगाच गरीब गाय म्हणून बघतो. तिचंही घराणं मोठं आहे. खायची मोठी कोळंबी जन्मते समुद्रात. पिल्लं भरतीबरोबर खाडीत येतात, तिथल्या चिखलात खाऊनपिऊन वाढतात आणि तरुण झाली की परत समुद्रात. कोकणातली पोरं शिकून मुंबईला जातात, तसा हा ओघ. पण कोकणातली गणपतीला परत येतात.

याच घराण्यातली पिस्तुल कोळंबी मात्र कोणाच्या ताटात येत नाही आणि आली तरी ऐकून घेणार नाही. बोटभर जीव. एक डेंगा फाजील मोठा. तो ती इतक्या वेगाने मिटते की पाण्याचा झोत सुटतो आणि मागे एक बुडबुडा तयार होतो. बुडबुडा फुटताना जो आवाज होतो त्याने समोरचं भक्ष्य गार. आवाज चिमटीचा नसून बुडबुड्याचा आहे, हे कळायला २००० साल उजाडावं लागलं. पुढच्या वर्षी असंही दिसलं की फुटताना त्यातून क्षणभर प्रकाश निघतो आणि आत तापमान ५,००० केल्विनच्या आसपास चढतं. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,८०० चा. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधायला पाण्यात कान लावून बसलेल्या नौदलांना उथळ समुद्रात एकसारखा तडतडाट ऐकू येई. शत्रूचं नवं यंत्र वगैरे तर्क झाले, शास्त्रज्ञ बसवले गेले. निघाल्या कोळंब्या.

एवढी जहाल असूनही काही पिस्तुल कोळंब्यांना धड दिसत नाही. त्या बिळं खणतात आणि गोबी नावाच्या लहान माशाला सोबत राहायला देतात. हिने खणायचं, त्याने दाराशी पहारा करायचा. बाहेर पडताना ही आपली मिशी त्याच्या अंगाला टेकवून ठेवते. त्याने शेपूट हलवलं की दोघं आत. भाडं नाही, करार नाही. लढाईत पिस्तुलाचा डेंगा तुटला तर दुसरा, साधा डेंगा वाढून पिस्तूल बनतो आणि तुटलेल्या जागी साधा येतो. उजव्याने जमेना तर डाव्याने, पण गोळीबार चालू.

जवळ्याबद्दल एक परिच्छेद तरी लिहायलाच हवा, नाहीतर आमच्या घरात मला जेवायला मिळणार नाही. बोटाच्या दोन पेरांएवढा हा जीव एकट्याने काहीच करत नाही. तो थव्याने येतो, भरती-ओहोटीच्या ओढीत रोवून ठेवलेल्या डोल जाळ्यात शिरतो आणि उत्तन, वसई, वर्सोव्याच्या वाळवणांवर पडतो. बोंबील त्यालाच खाऊन मोठा होतो आणि आपण दोघांनाही सुकवतो. त्याच्या वासावरून मोठमोठ्या इमारतींत नोटिसा लागल्या आहेत. श्रावणात न खाणारी मंडळी त्या वासाने नाक मुरडतात की पाझरतात, हे जिन्यात उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

निसर्गाचं खेकड्यावर विशेष प्रेम असावं, याला पुरावा आहे. शेपटीवाल्या लांबट कवचधाऱ्यांनी शेपूट पोटाखाली दुमडून, चपटं, रुंद होऊन खेकडा बनण्याचा प्रकार उत्क्रांतीत निदान पाच वेळा स्वतंत्रपणे घडला आहे. लॅन्सलॉट बोराडेल या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९१६ साली त्याला नावही दिलं. दुकानात राजखेकडा म्हणून जो महागडा प्रकार मिळतो तो मूळचा शंखवासीयांच्या कुळातला. शंख सोडून, कवच कमावून खेकडा झालेला. आपण मुलांना डॉक्टर व्हायला सांगतो. निसर्ग कोट्यवधी वर्षं आपल्या मुलांना सांगतो आहे, खेकडा हो, सुखी राहशील.

राहिली शेवंड. घराण्यातली श्रीमंत शाखा. आपल्या किनाऱ्यावरच्या शेवंडीला परदेशी लॉब्स्टरसारखे दांडगे डेंगे नसतात. तिचा भरवसा लांब काटेरी मिशांवर. शत्रू अंगावर आला की ती मिशीचं मूळ डोळ्यांखालच्या पट्टीवर घासून कर्कश किरकिराट करते. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो त्याच तत्त्वावर हा आवाज निघतो, हे शीला पटेक यांनी २००१ मध्ये दाखवलं. कात टाकून अंग मऊ पडलेलं असताना, लढायची ताकद शून्य असताना, हा आवाज मात्र तसाच निघतो. अंगात काही उरलेलं नसताना नुसत्या आवाजावर तरून जाणारे आपण इतरत्रही पाहतो, पण शेवंडीचं शास्त्रशुद्ध आहे.

तो आवाज ट्रॉलरच्या जाळ्यापुढे चालत नाही. शेवंडीचीच चपटी बहीण, वाळूत पडून राहणारी, मुंबईच्या समुद्रात एके काळी भरपूर मिळत असे. १९९४ पर्यंत तिची मासेमारी कोसळली. अंडी वाहणाऱ्या माद्याही जाळ्यात येत राहिल्या. मागे उरणार कोण? केंद्र सरकारने २००३ साली निर्यातीसाठी किमान वजनं ठरवून दिली: आपल्याकडच्या चिखलातल्या शेवंडीला ३०० ग्रॅम, त्या चपट्या बहिणीला १५० ग्रॅम. परदेशी गिऱ्हाइकाच्या ताटात त्याहून लहान जाऊ नये म्हणून हा नियम आहे, आपल्या ताटाकडे आपणही बघायचं.

तेव्हा अशिलाच्या वतीने वाचकांकडे एवढाच अर्ज. शेवंड ३०० ग्रॅमच्या आतली असेल तर घेऊ नका. चिंबोरीच्या पोटाखाली अंड्यांचा नारिंगी किंवा काळपट झुबका बाहेर दिसत असेल तर तीही ठेवून द्या. कोळीण बदलून देते. थोडं बोलते, पण देते.